नऊ दिवस अनवाणी

कापडातले दोष शोधणं हे माझं काम आहे. निजामपुऱ्यातल्या एका यंत्रमागाच्या गाळ्यात गेली चौदा वर्षं मी चेकिंगच्या टेबलापाशी उभी असते. टेबल म्हणजे उतरती काच, काचेखाली ट्यूबलाइट आणि काचेवरून सरकत जाणारं, लूमवरून नुकतंच उतरलेलं कोरं कापड. तुटलेली तार, तेलाचा डाग, धोटा अडकून पडलेलं भोक, सगळं मला दिसतं. नवीन मुली कापडाकडे टक लावून बघत बसतात. मी त्यांना सांगते, डोळे सैल सोडा, दोष आपणहून खुपतो.

अशा बाईला स्वतःच्या पायातला दोष पाच आठवडे दिसला नाही. खरं सांगायचं तर दिसला, आणि तिने तो पुढे सरकू दिला. त्याची ही हकिकत आहे. दुखणं अंगावर काढायची ज्यांना सवय झाली आहे त्यांच्यासाठी लिहिते आहे. डॉक्टरी माहिती यात फार सापडणार नाही. ती द्यायला डॉक्टर असतात. त्यांना आपण खरं सांगायचं असतं, एवढंच मला कळलं, तेही उशिरा.

*

धावायला लागले तेव्हा मी अडतीस वर्षांची होते. रक्तातली साखर काठावर आली होती आणि चालायला जा असं सांगितलं होतं. आमच्या शेलार गावाहून निघून नदीनाक्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. तिथे शाहीन भेटली. ती निजामपुऱ्यात शाळेत शिकवते, तिलाही कोणीतरी चालायला सांगितलं होतं. एका सकाळी ती म्हणाली, "उस खंबे तक भागें क्या?" आम्ही दोन खांबांमधलं अंतर धावलो आणि मग रस्त्याच्या कडेला कंबरेवर हात ठेवून बराच वेळ हसत राहिलो. तिथून दोन वर्षांनी आम्ही दहा किलोमीटर धावत होतो.

आमच्याकडे बाई सकाळी धावताना दिसली की लोक थांबवून विचारतात, कोण गेलं? सुरुवातीला मी दर दोन घरांमागे सांगायची की सगळे बरे आहेत. माझ्या सासूबाई, त्यांना मी आई म्हणते, ओट्यावर बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायच्या, "घरान पानी भराचा ऱ्हायलाय, आनि ही रस्ता मोजत सुटलीय." मी पाणी भरूनच जायची. तरी म्हणायच्या.

मला त्यातून काय मिळायचं, ते कोणाला नीट सांगता आलं नाही. दिवसभर मी दुसऱ्यांच्या चुका बघते. धावताना मी काहीच बघत नसे. ट्रक, खड्डे आणि कुत्रे सोडले तर. तो तास मला हवा होता. त्याच्यासाठी मी बरंच काही करायला तयार होते, आणि तिथेच घोळ झाला.

*

आमच्या घरात नवरात्रात एक बाई नऊ दिवस अनवाणी राहते. घट बसल्यापासून उठेपर्यंत पायात काही घालायचं नाही, घरात नाही, रस्त्यावर नाही. तीस वर्षं आई राहिल्या. दोन वर्षांपूर्वी त्यांचे गुडघे इतके बिघडले होते की ओट्यावरून उतरताना त्या भिंतीला धरायच्या. पण तोंडाने कबूल करणार नाहीत. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मीच म्हटलं, "आई, यंदा मी राहते."

त्यांनी मला खालून वरपर्यंत पाहिलं. "तुला जमंल?"

"दहा किलोमीटर धावते मी."

"मंग जमंल," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा माझ्या धावण्याबद्दल राग नव्हता.

लोकांना ही भक्ती वाटली. देवीला माहीत असणार की तो सौदा होता. मी नऊ दिवस अनवाणी राहिले तर वर्षभर सकाळी कोणी काही बोलणार नाही, असं माझ्या मनात होतं. आणि थोडी मिजासही होती. डिसेंबरात ठाण्याला एकवीस किलोमीटरची शर्यत होती, शाहीनने आणि मी नाव दिलं होतं. रोज किती धावायचं याचा तक्ता स्वयंपाकघरात चिकटवलेला होता आणि नेमके ते आठवडे सगळ्यात जड होते. व्रत मोडायचं नव्हतं, तक्ताही मोडायचा नव्हता. म्हणून मी अनवाणी धावले.

शाहीन पहिल्या दिवशी माझ्या पायांकडे बघत उभी राहिली. "शूज पेहन ले, वंदना. देवी को मैं समझा दूंगी."

मी हसण्यावारी नेलं. सकाळी डांबरावर दहा किलोमीटर, मग गाळ्यात नऊ तास लादीवर उभं राहायचं आणि उपास असल्यामुळे दिवसभरात एकदा साबुदाणा. सातव्या माळेला उजव्या जांघेत टाचणी टोचल्यासारखं झालं. मी थांबले नाही.

*

दसऱ्याला बूट घातले आणि वाटलं, आता बरं वाटेल. पुढचे चार आठवडे मी जे काही केलं ते आता आठवलं की स्वतःचीच कीव येते. सकाळी अंथरुणातून उठताना उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवायचे. रिक्षात आडवी शिरायचे. गाळ्याच्या पायऱ्या नेहमी डाव्या पायाने चढायचे. माझे पती सुरेश टेम्पो चालवतात, रस्त्यावरचं सगळं त्यांना दिसतं. एकदा त्यांनी विचारलं, "लंगडतेस का?" मी म्हटलं, नवीन चप्पल चावते.

एका डॉक्टरांकडे जाऊन आले. एक्स-रेमध्ये काही दिसलं नाही. ते म्हणाले, तीन आठवडे धावू नका, दुखलं तर परत या. त्यांचा काही दोष नाही. मी त्यांना "कधीतरी दुखतं" असं सांगितलं होतं आणि अनवाणी हा शब्द काढलाच नव्हता. तीन आठवड्यांऐवजी तीन दिवस थांबले.

दिवाळीनंतरच्या सोमवारी टेबलापाशी खडू घ्यायला वळले आणि उजवा पाय माझा राहिला नाही. आवाज झाला नाही, काही नाही. मी काच धरून लोंबकळत राहिले आणि कापड सरकत सरकत माझ्या अंगावर साचत गेलं. कोणीतरी मशीन बंद केलं.

सुरेश आले. पुढच्या सीटवर मला बसता येईना, म्हणून टेम्पोत मागे ताग्यांवर आडवं केलं. आई त्या दिवशी बाजारासाठी निजामपुऱ्यात आल्या होत्या, त्या पुढे बसल्या. ठाण्याच्या वाटेवर मानकोलीला ट्रकच्या रांगेत आम्ही अर्धा तास उभे होतो. खड्डा आला की मी ओरडायची आणि मी ओरडले की आई मागची खिडकी वाजवायच्या. बोलणं एवढंच झालं.

*

ठाण्यातल्या डॉक्टर माझ्याहून लहान होत्या. त्यांनी मशीनमध्ये घालून फोटो काढले आणि भिंतीवरच्या उजेडाच्या काचेवर लावले. ती काच माझ्या टेबलासारखीच होती, फक्त उभी. डॉक्टर बोट ठेवायच्या आधी मला दिसलं. मांडीचं हाड खुब्यात बसतं तिथे, त्याच्या मानेला, एक बारीक रेघ. तुटलेली तार दिसते तशीच. डॉक्टर म्हणाल्या, हाड अजून जागेवर आहे. सरकलं तर खुबा बदलावा लागेल आणि मग धावणं विसरायचं, चालणंही पहिल्यासारखं राहणार नाही. उद्या सकाळी ऑपरेशन करायला हवं, स्क्रू घालावे लागतील.

"मी परत धावेन का?" मी विचारलं. सुरेशनी माझ्याकडे असं बघितलं की मला तो प्रश्न परत घ्यावासा वाटला.

"आधी चालू," डॉक्टर म्हणाल्या. मग कागद पुढे ओढून त्यांनी विचारलं, "गेल्या दोन महिन्यांत काही वेगळं केलं होतं? बूट बदलले? जास्त उभं राहिलात? उपास?"

आई माझी पिशवी मांडीवर घेऊन शेजारीच बसल्या होत्या. त्यांच्या पायांत चपला होत्या, टाचेकडून पार झिजलेल्या.

"नाही," मी म्हटलं. "काही वेगळं नाही."

मला वाटलं होतं, मी आईंना वाचवते आहे. व्रत त्यांच्या घरचं, पण त्यात धावायचं डोकं माझं होतं. त्यांना वाचवण्यासारखं काही नव्हतं. त्यांच्या आडून मी स्वतःला वाचवलं, आणि त्या एका "नाही"ची किंमत पुढे सगळ्या घराने मोजली.

*

इस्पितळात पाच दिवस होते. तीन स्क्रू घातले. सकाळी सहाला चादर बदलायची, सातला चहा, आठला डॉक्टर, मग दिवस संपता संपत नाही. आपल्या अंगावर आपला हक्क राहत नाही. कोणीही येऊन पांघरूण उचलतं. बेडपॅन मागताना पहिल्यांदा मी रडले. वॉर्डातल्या मावशींनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून त्या स्टीलचं बेडपॅन आधी गरम पाण्यातून काढून, पुसून मग द्यायच्या, म्हणजे अंगाला थंड लागू नये. कोणी सांगितलं नव्हतं त्यांना. माझ्या आजारपणातलं मला सगळ्यात जास्त काय आठवतं म्हणाल तर ते कोमट स्टील आठवतं.

भीती दुपारी यायची. भेटायची वेळ संपली की. खुबा, सरकणं, काठी हे शब्द डोक्यात फिरत राहायचे. मी पायाशी बोलायचे, त्याला आमिषं दाखवायचे. आमची मुलगी पूर्वा नाशिकला हॉस्टेलवर असते, तिला आठ दिवस कळवलंच नाही. परीक्षा आहे, कशाला ताण, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. आमच्या घरात न सांगणं हीच काळजी घेण्याची रीत होती.

*

घरी आल्यावर सहा आठवडे उजवा पाय जमिनीला लावायचा नव्हता. वॉकर घेऊन एका पायावर उड्या मारत संडासला जायचं. मी घसरू नये म्हणून आई लादी पुसायच्या आणि पुन्हा कोरड्या फडक्याने पुसायच्या, वाकून, त्या गुडघ्यांनी. मला बघवायचं नाही आणि बोलता यायचं नाही.

भेटायला येणारे सगळे निकाल घेऊनच यायचे. "धावून धावून मोडला." "बाईच्या जातीला कशाला हवं ते." मी मान डोलवायची. दुसरं काही बोलले असते तर अनवाणी राहण्याचं बोलावं लागलं असतं. शेवटी तेच खरं ठरलं, धावण्याने मोडला. एका संध्याकाळी सुरेशनी दाराबाहेरचे माझे बूट उचलले आणि माळ्यावर टाकले.

"नजरेआड बरे," ते म्हणाले.

ते रागाने बोलले नव्हते. त्यांना भीती वाटत होती, आणि ते भ्यायले की एखादी वस्तू उचलून वर ठेवतात.

शाहीन रोज सकाळी रस्त्यावरून आवाज रेकॉर्ड करून पाठवायची. त्यात बहुतेक वेळा तिचा श्वास आणि ट्रकचे हॉर्न असायचे. शेवटी म्हणायची, "आज नाके तक. तेरे हिस्से का भी." डिसेंबरातली शर्यत ती एकटी धावली आणि शेवटचा किलोमीटर तिने मला फोनवर ऐकवला. मी शाबासकी दिली, फोन ठेवला आणि त्यानंतर तिचे आवाज ऐकणं बंद केलं.

हे लिहायला लाज वाटते, तरी लिहिते. त्या दिवसांत मला बरं व्हायचं नव्हतं. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी विचारायची, तीन वेळा केलं का? मी हो म्हणायची. एकदाही केलेलं नसायचं. पुस्तकात वाचलं होतं की जिद्द हवी. माझी जिद्द माळ्यावर होती आणि ती खाली काढ म्हणायची इच्छाही नव्हती. तुमचं असं झालं तर घाबरू नका, एवढंच सांगते. बरं व्हायची इच्छा रोज येत नाही. ती नसली तरी पाय दहा वेळा उचलायचा असतो. हे मला मार्चपर्यंत कळलं नाही.

*

मार्चमध्ये डॉक्टर म्हणाल्या, हाड सांधलं. चाला, जिने चढा, जूनपासून थोडं थोडं धावूनही बघा. सुरेशनी येताना पेढे घेतले. आईंनी पेढा देवापुढे ठेवला आणि वळून म्हणाल्या, "मंग आता नवस फेडाचा."

"कसला नवस?"

"आपरेशनच्या दिसाला बोलले मी. पाय बरा झाला का तुला अनवाणी चालवत आनीन देवीला." कुलदेवी आमच्या घरापासून बावीस किलोमीटरवर, टेकडीवर आहे. आई पुढे म्हणाल्या, "तुला काय, तू तं धावतेस."

मी आधी हसले. मग ते हसू माझ्या हाताबाहेर गेलं आणि मी जमिनीवरच बसले.

"आई, अनवाणी राहूनच मोडलाय पाय."

सुरेशच्या हातात पेढ्यांचा पुडा तसाच राहिला. मी सगळं सांगितलं. डांबर, तक्ता, सातवी माळ, हातांनी उचललेला पाय, चावणारी चप्पल. ऐकताना सुरेश खुर्चीत बसले आणि आई उभ्याच राहिल्या.

"मंग डाक्टरनी इचारला तवा न्हाय का बोललीस?"

"तुम्ही शेजारी होतात."

"मी काय खाल्ला असता तुला?"

आई बाहेर ओट्यावर जाऊन बसल्या. दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. जेवण वाढायच्या, पाणी द्यायच्या, लादी दोनदा पुसायच्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी चटईवर पडून पाय उचलत होते, खरोखरच उचलत होते, आणि आई आत आल्या. पलंगाला धरून, थांबत थांबत त्या माझ्या शेजारी जमिनीवर बसल्या. त्यांना खाली बसलेलं मी वर्षभरात पाहिलं नव्हतं.

"मना बी दुखाचा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"पाय. नवरात्रान. पयल्या वर्सापासून. तुझं सासरं व्हतं तवा. कुनाला बोलले न्हाय. म्हनला देवीचा हाय, बोलला तं पुन्य जाल."

"तीस वर्षं?"

"तीस वरसा." आपल्या गुडघ्यावरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "न बोलता मना जमला, तं तुला बी जमला. ह्या घरान बायकांना तेवढाच चांगला जमतं."

मी पाय खाली ठेवला. मला त्यांचा हात धरायचा होता, पण आमच्यात तशी पद्धत नाही. मी नुसती त्यांच्याकडे सरकले. मग त्याच म्हणाल्या, "नवस मी बोललेली. जीभ माझी, पाय तुझे कशाला?"

*

आधी मी त्यांना माझ्याच डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही गुडघ्यांचे फोटो उजेडाच्या काचेवर लागले. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून दुखतं? आईंनी माझ्याकडे बघितलं. "तीस वरसा," त्या म्हणाल्या, आणि शाळेत बरोबर उत्तर दिल्यासारख्या ताठ बसल्या.

मग मीही माझं सांगून टाकलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "नऊ दिवस अनवाणी, वर उपास, वर रोज दहा किलोमीटर? यातलं एक काहीतरी करायचं होतं, वंदनाताई." त्या रागावल्या नाहीत, आणि तेच जास्त लागलं. आईंना त्यांनी जाड मऊ तळाच्या चपला लिहून दिल्या. त्या चपला आई पहिला आठवडा पिशवीतून काढत नव्हत्या.

नवस एप्रिलमध्ये फेडला. टेम्पोने टेकडीच्या पायथ्यापर्यंत गेलो. पायऱ्यांपाशी आईंनी नव्या चपला काढल्या, माझ्या हातात दिल्या आणि म्हणाल्या, "तू तुझ्या घालून चल. वर काढ." एका हाताने कठडा, दुसऱ्या हाताने माझा खांदा धरून त्या एकेक पायरी चढल्या. दर दहा पायऱ्यांनी थांबायच्या आणि मला सांगायच्या, "दुखतंय." मी म्हणायची, थांबू या. असं आम्ही पहिल्यांदाच बोलत होतो. वर देवीपुढे त्या बराच वेळ पुटपुटत होत्या. एवढंच ऐकू आलं, "चूक माझी व्हती, पोरीला पुना नको." उतरताना मी विचारलं, काय बोललात? "तुला काय कराचाय," त्या म्हणाल्या.

*

इथे हकिकत संपायला हवी होती. हाड सांधलं, घर सांधलं. पण जून आला आणि मी धावले नाही. एक मिनिट धावायचं, दोन मिनिटं चालायचं, एवढंच सांगितलं होतं. जूनमध्ये रस्त्यावर पाणी होतं. जुलैत खड्डे होते. ऑगस्टमध्ये गाळ्यात काम जास्त होतं. दर सकाळी माझ्याकडे एक नवं आणि चांगलं कारण असायचं. खरं कारण एकच होतं. काच धरून लोंबकळतानाचा तो क्षण, आपलाच पाय आपला न राहण्याचा, तो पुन्हा आला तर?

शाहीन एकदा घरी आली. तिचे आवाज न ऐकल्याबद्दल तिने एक शब्दही काढला नाही. चहा पिऊन म्हणाली, "अकेली भागती हूँ तो सारे कुत्ते मेरे पीछे. तू थी तो आधे तेरे पीछे जाते थे." मी हसले. ती हसली नाही. "आ जा, वंदना," ती म्हणाली आणि गेली.

नवरात्र आलं. घट बसवताना आईंनी जाहीर केलं, "यंदा कोन अनवाणी न्हाय. देवीला मी सांगून आलेय." नऊ दिवस त्या मऊ चपला घालून घरभर फिरल्या, फक्त घटापाशी काढायच्या.

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारं पुजतात. पाटावर कोयता, सुरेशचे नट आवळायचे पाने आणि टेम्पोची चावी, माझी चेकिंगची कात्री आणि खडू, आईंची विळी. सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडू. बाहेर टेम्पोला हार. मी स्वयंपाकघरात पुऱ्या लाटत होते, तेव्हा आईंनी हाक मारली.

पाटाच्या बाजूला, वीतभर अंतर सोडून, वर्तमानपत्राच्या घडीवर माझे बूट होते. धुतलेले. नाड्या वेगळ्या धुऊन पुन्हा ओवल्या होत्या, चुकीच्या भोकांतून. दोन्ही बुटांच्या टोकांवर कुंकू आणि आत एकेक झेंडूचं फूल. सुरेश भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभे होते. माळ्यावर चढणारे तेच, दुसरं कोण.

या बाईने जन्मात कोणाच्या चपलेला हात लावला नव्हता. वाटेत चपला आल्या तर पायाने बाजूला सारायची.

"आई, बूट पूजेत?"

"पाटावर न्हाय ठेवलं. कागदावर हायत." मग निरांजन सरळ करत त्या म्हणाल्या, "तुझा हत्यार हाय ना ता? मंग."

मी कणकेच्या हातानेच नमस्कार केला.

"आज ऱ्हाऊदे," आई म्हणाल्या. "पुजलेला हत्यार आज वापरत न्हाय. उद्या काढ."

उद्यासाठी माझ्याकडे कारण नव्हतं. आमच्या घरात पुजलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी पडून राहत नाही. सुरेश गाडी काढतात, मी कात्री उचलते.

*

सकाळी ओट्यावर बसून मी नाड्या बांधल्या. वाकता येत होतं. कुंकू पुसलं नाही. रात्री मी फोन केला होता, नदीनाक्यावर शाहीन आधीच उभी होती. तिने बुटांकडे बघितलं. घड्याळ तिने धरलं.

एक मिनिट. पहिली काही पावलं मी पाय मोजूनमापून टाकत होते, पुढचं पाऊल जाईल की नाही याची वाट बघत. ते गेलं. त्याच्या पुढचंही गेलं. एक ट्रक हॉर्न देत जवळून गेला आणि मी त्याला नेहमीची शिवी दिली, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी धावते आहे. मला रडू आलं. धावताना रडलं की श्वास अडकतो, म्हणून तेही नीट करता आलं नाही.

"बस, एक मिनट," शाहीन म्हणाली. "दुखता है?"

नाही, हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. तो तिथे तयारच असतो.

"थोडं," मी म्हटलं. "इथे, पोटरीत. जांघेत नाही."

"तो चल, चलते हैं."

दोन मिनिटं चाललो. मग पुन्हा एक मिनिट. असं पाच वेळा केलं आणि कुत्री निम्मी निम्मी वाटून घेतली.

घरी आले तेव्हा आई ओट्यावर बसून गुडघ्यांना तेल चोळत होत्या. त्यांनी बुटांच्या टोकांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"दुखला?"

"थोडं."

"माझा बी," त्या म्हणाल्या आणि बाजूला सरकून मला ओट्यावर जागा दिली.